दुर्गदबैलातील हातगाडीचा खेळ

हुबळी शहराशी ज्यांचा परिचय नाही अशा आमच्या मराठी वाचकांना 'दुर्गदबैल' हे नाव वाचून प्रथम बैलाचीच आठवण होईल. बदली होऊन येथे आलो तेव्हा आमचीही तीच गत झाली होती. वस्तुतः त्या सालस जनावराशी ह्या नावाचा काडीमात्र संबंध नाही. कन्नड भाषेत 'बैलु' म्हणजे मोकळे पटांगण आणि 'दुर्गद' म्हणजे दुर्गाचे. तेव्हा दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे मैदान. मोकळी जागा मात्र आज तेथे शोधूनही सापडावयाची नाही. कापडाची दुकाने, भांड्यांची दुकाने, त्यांच्यापुढे पथारीवाले, आणि सायंकाळ झाली की गिरमिट, मिरचीभजी व डोसे विकणाऱ्या हातगाड्या. दुचाकी, रिक्षा, पिशव्या सांभाळीत चालणाऱ्या बायका आणि एखादी निवांत उभी असलेली गाय, ही सारी मंडळी एकमेकांस धक्का न लावता तेथून कशी पार पडतात हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

ह्याच गर्दीत एका सायंकाळी, एका आजारी धर्मग्रामस्थाची भेट घेऊन परतत असता, बंद दुकानाच्या पायरीवर आम्हांस सहा मुले दिसली. सहाही आमच्या ओळखीची. डोकी सहा आणि मोबाईल चार. ती चार छोटी चौकटे आणि त्यांवर वाकलेल्या त्या सहा माना. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलो तरी एकानेही वर पाहिले नाही. त्यांतील एकाच्या आईने दोनच दिवसांपूर्वी आमच्या कचेरीत येऊन डोळ्यांना पदर लावला होता. "फादर, तुम्हीच सांगा त्याला. आमचं ऐकायचं त्याने सोडलंय. शाळेत जातो म्हणून निघतो आणि कुठे जातो देव जाणे." मुलगा दहावीला एकदा बसला होता, गणित व विज्ञान ह्या दोन विषयांत अडला होता, आणि पुन्हा बसण्याचे नाव काढीत नव्हता. वडिलांनी त्याला गॅरेजमध्ये घालावयाचे ठरविले होते. गॅरेजात काम करणे हलके आहे असे आम्ही मुळीच मानीत नाही. परंतु पंधराव्या वर्षी मुलाने 'मला काही येत नाही' अशी खूणगाठ मनाशी बांधून तेथे जावे, हे मात्र बरे नव्हे.

आम्ही काय केले असेल? जे कोणताही धर्मगुरू करील तेच. पुढच्या रविवारी मोबाईलवरील खेळांविरुद्ध एक खणखणीत प्रवचन दिले. साहित्य भरपूर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत 'खेळविकार' हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला गेला आहे व ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा तक्रारींसाठी २०१४ सालापासून खास चिकित्साकेंद्र चालते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ साली संसदेस कायदा करून बंदी घालावी लागली. हे सारे आम्ही सांगितले आणि हे सारे खरेही आहे. आयांनी माना डोलाविल्या. मुले मागच्या बाकांवर होती. प्रवचन संपल्यावर ती पुन्हा त्याच पायरीवर जाऊन बसली.

बंदीचा उपाय तरी कितपत चालतो? २०२० च्या सप्टेंबरात 'पबजी' ह्या खेळावर सरकारने बंदी घातली तेव्हा पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. मुले आठवड्याभरात दुसऱ्या खेळाकडे वळली.

ह्या गोष्टीला वळण लागले ते त्याच मुलाच्या एका वाक्याने. एका संध्याकाळी आम्ही, उपदेशाचा मोह आवरून, त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि त्याला नुसते विचारले, "काय खेळतोस, दाखव पाहू." त्याने थोडा वेळ दाखविले आणि मग वैतागून म्हणाला, "फादर, ह्याची तिसरी पातळी ज्याने केली त्याला काही कळत नाही. पहिल्या दोन पातळ्यांत जे शिकवलं ते तिसरीत उपयोगीच पडत नाही. एकदम नवीन मागतो."

वाचकहो, हेच वाक्य एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याने एखाद्या पाठ्यपुस्तकाविषयी लिहिले असते तर आपण त्याच्या मर्मज्ञतेची वाखाणणी केली असती. आधी काय शिकविले, पुढे काय मागितले, आणि ह्या दोहोंत दुवा आहे की नाही, हा तर अध्यापनशास्त्राचा गाभा. ज्या मुलाला शाळेने 'लक्ष नाही' असा शेरा दिला होता, त्याचे लक्ष इतके बारीक होते! आम्ही म्हणालो, "मग तू कर ना चांगली." तो हसला. आम्ही मात्र हसलो नव्हतो.

धर्मग्रामातील एक तरुण अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. त्याला आम्ही गाठले, कारण आमचे स्वतःचे संगणकज्ञान बाप्तिस्म्याचा दाखला छापण्यापलीकडे जात नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीत, सभागृहाच्या कोपऱ्यात, दोन लॅपटॉप (एक कचेरीचा, एक त्या तरुणाचा) आणि नऊ मुले, अशी सुरुवात झाली. पहिल्या दिवशी उद्‌घाटन आमचेच. संगणकाचा इतिहास ह्या विषयावर आम्ही चाळीस मिनिटे बोललो. दुसऱ्या दिवशी नऊंची चार मुले झाली. त्या तरुणाने अदबीने, पण स्पष्टपणे सांगितले, "फादर, उद्या तुम्ही बोलू नका."

तिसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप उघडलेच नाहीत. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे, रंगीत खडू, दोन फासे आणि बाटल्यांची झाकणे एवढेच पुढे ठेवले. सापशिडीचा पट काढा, म्हणाला. आणि मग एकच नियम बदला, खेळा, आणि काय होते ते पाहा. हा पट आपल्याच देशातला. 'मोक्षपट' ह्या नावाने तो महाराष्ट्रात ओळखला जात असे आणि परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्यात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात गेला आणि पुढे त्यातील परमार्थ गळून निव्वळ करमणूक उरली. तेव्हा खेळ रचून काही शिकविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही, एवढे मुलांना सांगण्याचा मोह आम्हांस फार झाला. पण मौनाचे वचन दिलेले होते.

एकाने सगळे साप काढून टाकले. पाच मिनिटांत खेळ कंटाळवाणा झाला. दुसऱ्याने प्रत्येक ओळीत दोन साप घातले. कोणी वर पोहोचेना, आणि शेवटी भांडण झाले. तिसऱ्याने असा नियम केला की शिडी चढावयाची की नाही हे खेळाडूने ठरवावे, मात्र चढल्यास पुढची एक पाळी सोडावी. येथे प्रथमच खेळणाऱ्याला विचार करावा लागला, आणि सगळे त्याच पटाभोवती गोळा झाले. फाशांत दोन येण्याची शक्यता किती आणि सात येण्याची किती, हा प्रश्न कोणीही न सांगता त्यांच्यातूनच निघाला, कारण साप कोठे ठेवावा हे त्यावर अवलंबून होते. छत्तीस प्रकारांपैकी सात सहा प्रकारांनी येतात आणि दोन एकाच प्रकाराने, हे त्यांनी पुठ्ठ्याच्या पाठीवर मांडून काढले. संभाव्यतेचे प्रकरण शाळेत त्यांना शिकविले गेले होते. ते हेच, हे त्यांच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. आम्हीही तेव्हा ते ध्यानात आणून दिले नाही.

आठवड्यानंतर लॅपटॉप उघडले. त्यांवर 'स्क्रॅच' नावाची, मोफत मिळणारी आज्ञावली घालून ठेवली होती. ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेटवाचूनही चालते. हिच्यात संगणकाला द्यावयाच्या आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपाने असतात. एकात एक अडकवीत जावयाचे. चूक ठोकळा चूक जागी बसतच नाही, त्यामुळे टंकलेखनातील एका स्वल्पविरामापायी सारे अडून बसत नाही.

हे साधन कोठून आले ते येथे सांगणे अस्थानी होणार नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत सेमूर पॅपर्ट नावाचे गणितज्ञ होते. मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. जिनिव्हात ज्यां पियाजे ह्या बालमानसशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी काम केले होते. मूल एखादी वस्तू स्वतः घडविते आणि ती दुसऱ्यास दाखविते तेव्हा त्याचे ज्ञान सर्वांत पक्के होते, असे त्यांचे प्रतिपादन. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे बोस्टनच्या संगणक-संग्रहालयात १९८९ च्या हिवाळी सुटीत मुलांसाठी यंत्रे जुळविण्याचा एक कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला, परंतु गरीब वस्तीतील काही मुले पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि साहित्य कपाटात गेले होते तरी संग्रहालयात शिरत राहिली. शेवटी कर्मचाऱ्यांना सूचना निघाली की चोरून आत येणाऱ्या मुलांवर नजर ठेवावी! मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यातून नेमका बोध घेतला: ही मुले चोर नव्हेत, त्यांना यावयास जागा नाही. १९९३ साली अशा मुलांसाठी शाळेनंतरचे 'कॉम्प्युटर क्लबहाऊस' तेथे उघडले गेले, आणि २००७ साली रेझ्निक यांच्याच गटाने 'स्क्रॅच' जगापुढे ठेवले.

आता आमच्या मुलांकडे येऊ. कशाचा खेळ करावयाचा हे त्यांनीच ठरविले आणि त्यांनी निवडले दुर्गदबैल. हातगाडीवाल्याने गर्दीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गाडी न्यावयाची. दुचाकी चुकवावयाच्या, गाय चुकवावयाची, वाटेत गिऱ्हाईक थांबले तर गिरमिट द्यावयाचे, आणि पाऊस येण्यापूर्वी पोहोचावयाचे. राक्षस नाही, बंदूक नाही. आम्ही सुचविले असते तर एखादा बायबलमधील प्रसंग सुचविला असता, आणि तो खेळ कोणीही पुरा केला नसता.

पहिल्याच दिवशी गाडी पडद्याच्या डाव्या कडेने नाहीशी झाली. स्क्रॅचचा रंगमंच ४८० मात्रा रुंद आणि ३६० मात्रा उंच असतो, मध्यभागी शून्य. उजवीकडे २४० पर्यंत अधिक, डावीकडे २४० पर्यंत उणे. आमच्या दहावीत अडलेल्या मुलाने गाडी पुन्हा आणण्यासाठी आकडे घालून पाहिले: १००, ५०, १०, ०. गाडी डावीकडे डावीकडे येत गेली आणि शून्यावर मधोमध थांबली. "ह्याच्या मागे काय?" त्याने विचारले. तरुण शिक्षक काही बोलला नाही. मग मुलाने स्वतःच उणे १० घातले. गाडी डावीकडे सरकली. तो उठला, खडू घेतला, आणि सभागृहाच्या फरशीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रेघ काढून तिच्यावर आकडे मांडत गेला. उणे संख्या त्याला सहावीपासून शिकविल्या जात होत्या. त्या संख्या कोठे तरी राहतात, तेथे गाडी लावून ठेवता येते, हे त्याला त्या दिवशी समजले. फरशीवरील ती रेघ आम्ही चार दिवस पुसू दिली नाही.

गिरमिटाचा पुडा उडून गिऱ्हाइकाच्या हाती पडावा अशी एक करामत हवी होती. सरळ वर जाऊन सरळ खाली येणारा पुडा खोटा दिसे. प्रत्येक क्षणी पुड्याच्या वेगातून एक वजा करीत जा, असे तरुणाने सांगितले. वेग आधी अधिक, मग शून्य, मग उणे. पुडा वर जातो, क्षणभर थबकतो, आणि वाढत्या वेगाने खाली येतो. गुरुत्वाकर्षणाचा पाठ विज्ञानाच्या पुस्तकात असतो. येथे तो एका ठोकळ्यात होता, आणि तो काढून घेतला की पुडा आकाशातच जाई.

सर्वांत अवघड नियम मात्र निराळाच निघाला. खेळ दुसऱ्याला खेळावयास द्यावयाचा आणि तो खेळत असता घडविणाऱ्याने तोंड मिटून बसावयाचे. 'अरे, इकडे दाब', 'तसे नव्हे' असे म्हणावयाचे नाही. कारण उद्या हा खेळ परक्याच्या हाती जाईल तेव्हा त्याच्या कानाशी तुम्ही नसाल. आठ वर्षांच्या एका मुलीला बसविले. खेळ सुरू होताच संपला. पुन्हा सुरू केला, पुन्हा संपला. गाय कोठेही उगवावी अशी आज्ञा होती, आणि ती कधी कधी बरोबर गाडीच्याच जागी उगवत होती. मुलांनी शंभरदा खेळून पाहिले होते, पण संवयीने त्यांचे बोट आधीच गाडी हलवीत असे, म्हणून त्यांना हे कधी दिसलेच नव्हते. ती छोटी रडकुंडीला आली, आणि पाच दांडगी मुले ओठ चावीत गप्प बसली होती. उपदेशकांसाठीही असा एखादा वर्ग निघावा असे त्या वेळी आमच्या मनात आले.

ह्या मुलीच्या निमित्ताने आमची एक चूकही उघडी पडली. मुलींना आम्ही बोलाविलेच नव्हते. पायरीवर मुलगे बसत, म्हणून वर्ग मुलग्यांचा, असा आमचा भाबडा हिशेब. तिची थोरली बहीण तिला न्यायला आली आणि दोन दिवस दारात उभी राहून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "गिऱ्हाईक नेहमी पुरुषच का?" त्यानंतर खेळातील गर्दीची सारी चित्रे तिनेच काढली.

हाताने करून शिकावे हा विचार काही परदेशातून आणावयास नको. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ ह्या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली 'विज्ञान आश्रम' सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधनविभागात काम केलेले हे गृहस्थ. ते सारे सोडून, शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना शिकविण्यासाठी दुष्काळी पाबळला जाऊन राहिले. वेल्डिंग, सुतारकी, शेती, विजेचे काम, अन्नप्रक्रिया ह्यांतून गणित आणि विज्ञान, आणि तेही गावाला लागणाऱ्या खऱ्या कामांतून. २००२ साली संगणकचलित यंत्रांची एक प्रयोगशाळा तेथे उभी राहिली. 'फॅब लॅब' म्हणून जगभर पसरलेल्या कल्पनेची ही मूळ अमेरिकन संस्थेबाहेरची पहिली शाखा. ती लंडनमध्ये नव्हे, टोकियोत नव्हे, पाबळमध्ये निघाली! त्याच्याही फार पूर्वी, १८४१ सालापासून, संत जॉन बॉस्को तुरीन शहरात रस्त्यावरच्या पोरांना गोळा करीत होते. स्वतः कसरती व जादूचे खेळ जाणणारे हे धर्मगुरू मुलांत खेळत. आणि १८५३ पासून त्यांनी चांभारकाम व शिवणकामाचे वर्ग काढले, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकी, छपाई. त्यांचा सण आम्ही दरवर्षी ३१ जानेवारीला साजरा करतो, आणि मुले खेळतात म्हणून वर्षभर त्यांच्यावर रागावतो.

सरकारी पातळीवरही हालचाल आहे. नीती आयोगाच्या 'अटल टिंकरिंग लॅब' ह्या योजनेखाली देशातील हजारो शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी कार्यशाळा निघाल्या आहेत, आणि टाळेबंदीच्या दिवसांत, २०२० च्या एप्रिलमध्ये, त्याच योजनेने खेळरचनेचा एक पाठ्यक्रमही मुलांसाठी खुला केला. आपल्या धर्मग्रामाजवळच्या शाळेत अशी लॅब असेल तर पालकांनी एकदा जाऊन तिचे कुलूप उघडे असते की नाही एवढे अवश्य पाहावे.

तथापि एका गोष्टीविषयी पालकांच्या मनात भ्रम राहू नये. 'आता माझा मुलगा खेळ बनवून लाखो रुपये मिळविणार' असे एका वडिलांनी आम्हांस हर्षाने सांगितले, तेव्हा आम्ही सावध झालो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा जगभर खेळली गेली. पण त्यामागे कित्येक वर्षांचे कष्ट होते, आणि २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावर पैशाची चणचणही सोसावी लागली होती. ह्या धंद्यास चित्रकला लागते, संगीत लागते, कथा लागते, गणित तर पदोपदी लागते. आमच्या वर्गातील एखाद्याने ही वाट धरली तर आनंदच आहे. वर्ग त्यासाठी काढलेला नव्हता.

आणि सगळेच सुधारले असे लिहिले तर ते खोटे होईल. नऊंपैकी दोन मुले पहिल्या दिवसानंतर परतलीच नाहीत. त्यांतील एकाने, पैसे लावावयाच्या खेळांवर बंदी येण्यापूर्वी, आईने शिवणकामातून साठविलेले पैसे तिच्या नकळत तशाच एका खेळात घालविले होते. त्याच्या घरी आम्ही तीनदा गेलो. तो मागच्या दाराने निघून गेला. अशा मुलाला खेळ घडविण्याच्या वर्गात बसविणे योग्य की तज्ज्ञ वैद्याकडे नेणे योग्य, ह्याचा विचार आम्ही उशिरा केला. आता त्याची आई त्याला घेऊन धारवाडला वैद्याकडे जाते. परिणाम काय होतो ते पाहावयाचे.

दहावीत अडलेल्या मुलाने पुन्हा अर्ज भरला. गणित सुटले, अगदी काठावर. विज्ञान राहिले. सकाळी तो गॅरेजमध्ये जातो, कारण घरी पैसे लागतात. संध्याकाळी आमच्या सभागृहात येतो. गॅरेजच्या मालकाने त्याच्याविषयी आम्हांस सांगितले की पोरगा कोणताही भाग उघडला की आधी कागदावर काढून ठेवतो.

खेळ पुरा झाल्यावर मुलांनी हट्ट धरला की तो ज्याचा आहे त्याला दाखवावयाचा. एका संध्याकाळी, गिऱ्हाईक वाढण्याच्या आधी, लॅपटॉप घेऊन आम्ही सारे दुर्गदबैलात गेलो. गिरमिटवाल्याने हात फडक्याला पुसले, एका बोटाने कळ दाबली, आणि तीनदा हरला. मुले नियमाप्रमाणे गप्प होती. मग तो कन्नडात म्हणाला, "गाय अशी पळत नाही. गाय उभी राहते. तिला काही तरी द्यावं लागतं, मग ती हलते." आणि गाडीखालच्या टोपलीतून कोथिंबिरीच्या काड्या काढून त्याने समोर उभ्या असलेल्या गायीपुढे टाकल्या. मुले तेथेच पायरीवर बसली, त्याच बंद दुकानाच्या, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन गायीच्या आज्ञा बदलू लागली.